कोलाजेन-२ दिसलं, पण ती सांध्याची कूर्चा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पीएच.डी. विद्यार्थिनीने अस्थिमज्जेतल्या मेझेन्कायमल मूलपेशी जिलेटिनपासून बनवलेल्या हायड्रोजेलमध्ये घातल्या आहेत. मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, टीजीएफ-बीटा-३ हे कूर्चा बनवायला चालना देणारं प्रथिन आहे. १४व्या दिवशी क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाचा संदेश (एमआरएनए) मोजणाऱ्या चाचणीत, सॉक्स-९ (कूर्चेची जनुकं चालू करणारं प्रथिन) आणि कोलाजेन-२ (कूर्चेतलं मुख्य कोलाजेन) यांची जनुकं भरपूर वर गेलेली दिसतात. सल्लागार समितीने सांगितलं आहे, "हे प्रथिनांच्या पातळीवर दाखवा." अनुदानातून जेमतेम चार अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारे रेणू) येतील. कोणत्या घ्यायच्या, कोणत्या दिवशी बघायचं आणि कसं?

पहिल्या तीन सांगते. कोलाजेन-२, कोलाजेन-१ आणि कोलाजेन-१०. चौथीचे पैसे तूर्त राखून ठेवा. कशासाठी ते पुढे येईलच. सॉक्स-९ यादीत नाही म्हणून दचकू नका, तेही सांगते.

कूर्चेच्या प्रयोगात "मार्कर दिसला", म्हणजे ओळखीचं प्रथिन दिसलं, एवढ्यावर थांबता येत नाही. कोणता दिसला याच्याइतकंच महत्त्व कोणता दिसला नाही याला आहे. कोलाजेन-२ सोबत कोलाजेन-१ भरपूर असेल तर तुम्ही तंतुकूर्चा बनवली आहे, गुडघ्याच्या गादीत असते त्या जातीची. कोलाजेन-२ सोबत कोलाजेन-१० असेल तर पेशी हाड व्हायच्या वाटेला लागल्या आहेत, वाढीच्या वयातल्या मुलांच्या हाडांच्या टोकाशी असलेल्या ग्रोथ प्लेटमध्ये होतं तसं. कोलाजेन-२ भरपूर, १ जवळपास नाही आणि १० नाही, तेव्हाच सांध्याच्या काचेसारख्या कूर्चेचं नाव घेता येतं. म्हणून तीन कोलाजेनं एकाच नमुन्याच्या लागोपाठच्या सेक्शनवर (पातळ कापांवर) बघायची. वेगवेगळ्या नमुन्यांवर बघितली तर तुलनाच उरत नाही.

आता सॉक्स-९. त्याच्या थोरपणाबद्दल वाद नाही. १९९४ मध्ये कळलं की या जनुकात बिघाड असेल तर कॅम्पोमेलिक डिस्प्लेशिया होतो, म्हणजे बाळ वाकलेली हाडं घेऊन जन्माला येतं. १९९९ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की सॉक्स-९ नसलेल्या पेशी कूर्चेत सामीलच होऊ शकत नाहीत. सॉक्स-५ आणि सॉक्स-६ यांना सोबत घेऊन तो कोलाजेन-२ आणि अॅग्रिकन (कूर्चेतलं दुसरं महत्त्वाचं प्रथिन) यांची जनुकं चालू करतो. पण तुमच्या प्रश्नाला तो नीट उत्तर देत नाही. मज्जेतल्या मूलपेशींमध्ये तो पहिल्या दिवसापासून थोडाफार असतोच. शिवाय तो फक्त कूर्चेचा नाही, वृषणातल्या सर्टोली पेशींत आणि केसांच्या मुळांतही सापडतो. त्याचं काम तो केंद्रकात आहे की बाहेर आणि त्यावर फॉस्फेट लागलंय की नाही, यावरही ठरतं. एकूण प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट (वाटलेल्या नमुन्यातली प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) हे काही दाखवत नाही. सॉक्स-९ बघायचाच असेल तर तिसऱ्या ते सातव्या दिवसात इम्युनोफ्लुओरेसन्सने (चमकता रंग जोडलेल्या अँटिबॉडीने), केंद्रकाच्या डॅपी रंगावर तो बसतो का, असा बघा. तो दिसला तर पेशींनी वाट धरली एवढं कळतं. त्या मुक्कामाला पोचल्या का, हे कळत नाही.

क्यूपीसीआरवर समितीने शंका घेतली ते योग्यच आहे. मूलपेशींमध्ये सुरुवातीला कोलाजेन-२ चा संदेश जवळपास शून्य असतो. शून्याजवळच्या आकड्याने भागलं की पाचशेपट, हजारपट अशी वाढ सहज येते आणि आलेख डोळे दिपवतो. पण संदेश तयार होणं, साखळी तयार होणं, तीन साखळ्या पिळल्या जाणं, पेशीबाहेर पडणं आणि मॅट्रिक्समध्ये (पेशींभोवतीच्या जाळ्यात) गुंफलं जाणं, या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. मधल्या पायरीसाठी प्रोलिनवर हायड्रॉक्सिल बसावं लागतं आणि त्याला व्हिटॅमिन सी लागतं. मीडियममध्ये अॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेट घालायचं राहिलं किंवा साधं अॅस्कॉर्बिक अॅसिड घातलं आणि ते दोन दिवसांत खराब झालं, तर संदेश भरघोस दिसतो आणि कोलाजेन पेशीच्या पोटातच अडकून पडतं. स्लाइडवर हे ओळखता येतं. रंग पेशीच्या आत ठिपक्याठिपक्यांनी असेल तर काम अर्धवट झालं आहे. पेशीभोवती कडं आणि मग दोन पेशींच्या मधल्या जागेत सलग रंग असेल तर मॅट्रिक्स बसलं आहे. समितीला नेमका हाच फरक हवा आहे. कूर्चेत शेवटी जे जमा झालं त्यालाच किंमत असते. प्रौढ सांध्यातल्या कोलाजेनचं अर्धायुष्य शंभर वर्षांहून जास्त असल्याचा अंदाज आहे, इतकं ते टिकतं.

याच कारणाने १४वा दिवस माझ्या मते लवकर आहे. १९९८ मध्ये मज्जेतल्या पेशींसाठी पेलेटची (पेशींची गोळी करून वाढवण्याची) पद्धत वर्णिली गेली, तेव्हापासून आपण सगळे तिचीच रूपं वापरतो. दोन-अडीच लाख पेशींची गोळी, सीरम नसलेलं मीडियम, दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम टीजीएफ-बीटा, १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन. या गोळीत साधारण असा क्रम दिसतो. पहिले दोन-तीन दिवस पेशी एकमेकींना चिकटतात. तेव्हा एन-कॅडहेरिन, फायब्रोनेक्टिन, टेनासिन-सी वर असतात. मग सॉक्स-९, नंतर अॅग्रिकन आणि कॉम्प (कूर्चेतलं आणखी एक प्रथिन), आणि दुसऱ्या आठवड्यात कोलाजेन-२ अँटिबॉडीला दिसण्याइतकं जमा व्हायला लागतं. २१ ते २८ दिवसांत चित्र स्थिरावतं. जेलमध्ये पेशी विखुरलेल्या असल्यामुळे हे सगळं आणखी रेंगाळू शकतं. तुम्ही ०, ७, १४, २१ आणि २८ असे दिवस धरा. अँटिबॉडी वाचवायची तर रंगवायला ०, १४ आणि २८ पुरेत. बाकीचे ब्लॉक (कापण्यासाठी बसवलेले नमुने) जपून ठेवा, थिसिसच्या शेवटी त्यांची आठवण होतेच.

कोलाजेन-२ बाबत एक बारीक मुद्दा थिसिसमध्ये तुमची बाजू मजबूत करेल. याची दोन रूपं आहेत. २ए मध्ये दुसऱ्या एक्सॉनचा तुकडा असतो आणि ते कूर्चापूर्व पेशी बनवतात. २बी मध्ये तो गाळलेला असतो आणि ते पक्क्या कूर्चापेशी बनवतात. बाजारातल्या बहुतेक अँटिबॉडी तिपेडी भागाला चिकटतात, म्हणजे दोन्ही रूपांना सारख्याच. त्यामुळे स्लाइडवरून हा भेद कळणार नाही. मात्र हा फरक क्यूपीसीआरच्या प्रायमरने फुकटात दाखवता येतो. प्रथिनाच्या चित्राशेजारी २बी च्या संदेशाचा आलेख ठेवा. जनुक आणि प्रथिन एकमेकांना अशी साथ देतात तेव्हा परीक्षकाला पटतं.

आता जेलबद्दल, कारण तुमच्या प्रयोगातला सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे. जिलेटिन म्हणजे शिजवून उलगडलेलं कोलाजेन, बहुतेक वेळा डुकराचं किंवा गाईचं कोलाजेन-१. यातून दोन गोष्टी होतात. हायड्रॉक्सिप्रोलिनची (कोलाजेनमधल्या एका अमिनो आम्लाची) चाचणी करून "एकूण कोलाजेन वाढलं" म्हणाल तर त्यातलं बरंचसं तुमच्या जेलचंच असेल. आणि कोलाजेन-१ ची अँटिबॉडी उलगडलेल्या साखळीला किंवा दुसऱ्या प्राण्याच्या कोलाजेनला ओळखणारी निघाली, तर सगळं सेक्शन रंगून निघेल आणि तुम्हाला वाटेल तंतुकूर्चा झाली. पेशी नसलेलं जेल तितकेच दिवस त्याच मीडियममध्ये ठेवून प्रत्येक चाचणीत सोबत चालवायलाच हवं. शक्य असेल तर कोलाजेन-१ साठी मानवी प्रोपेप्टाइडला (कोलाजेनच्या टोकाच्या, नंतर कापल्या जाणाऱ्या तुकड्याला) चिकटणारी अँटिबॉडी घ्या. प्रोपेप्टाइड नव्याने बनलेल्या प्रोकोलाजेनवरच असतं, जिलेटिनमध्ये ते उरत नाही. अल्जिनेट वापरणाऱ्यांना वेगळाच त्रास असतो, ग्लायकोसअमिनोग्लायकन (कूर्चेतल्या साखरेच्या लांब साखळ्या) मोजायच्या डीएमएमबी रंगाशी अल्जिनेट स्वतःच जुळतं आणि त्यांचा आकडा खोटा वाढवून दाखवतं. प्रत्येक जेलचं असं काही ना काही असतं.

अॅग्रिकनची अँटिबॉडी मी पहिल्या तिनांत का घेतली नाही, त्याचं कारण हेच, की त्याचा अंदाज स्वस्तात लागतो. अॅग्रिकनच्या एका मधल्या प्रथिनावर शंभरएक काँड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या असतात. पपेनने ६० अंशांना रात्रभर पचवा, डीएमएमबी घाला, ५२५ नॅनोमीटरला लगेच वाचा. उशीर केला तर रंग खाली बसतो आणि आकडे घसरतात. त्याच पचवलेल्या नमुन्यातून डीएनए मोजा आणि ग्लायकोसअमिनोग्लायकन भागिले डीएनए असा आकडा द्या. जेलमध्ये पेशींची संख्या दिवसागणिक बदलते, म्हणून नुसता मायक्रोग्रॅमचा आकडा फसवा असतो. सोबत सॅफ्रॅनिन-ओ किंवा टोल्युडिन ब्लूचं सेक्शन हवंच, कारण आकडा सरासरी सांगतो आणि सेक्शन जागा सांगतं. गोळीचा कडेचा थर लालबुंद आणि गाभा मेलेला, असं अनेकदा असतं. नुसतं वाटून मोजलं असतं तर ते कधी कळलंच नसतं.

अँटिबॉडी लावण्याआधी सेक्शन उघडं करायला विसरू नका. मी स्वतः यात बरेच महिने घालवले आहेत. स्लाइडमागून स्लाइड कोरी येत होती आणि आम्ही पेशींना, डोनरला, टीजीएफच्या बॅचला दोष देत होतो. फॉर्मॅलिनने बांधलेल्या कूर्चेत प्रोटिओग्लायकनची इतकी दाटी असते की अँटिबॉडी आतच शिरत नाही. आधी हायलुरोनिडेझ किंवा काँड्रॉइटिनेझ एबीसी, मग पेप्सिन किंवा प्रोनेझ, असं केल्यावर त्याच ब्लॉकमधून सुंदर रंग आला. पेशींनी त्यांचं काम केव्हाच केलेलं होतं. खरी चूक अशी की आम्ही खऱ्या कूर्चेचं सेक्शन शेजारी ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी तेही कोरं आलं असतं आणि दोष कुठे आहे ते कळलं असतं.

कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, कुठून आणायचे? कोलाजेन-२ साठी गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेला भाग नैतिकता समितीच्या मंजुरीने आणि रुग्णाच्या संमतीने मिळू शकतो. पण तो संधिवाताने झिजलेला गुडघा आहे हे ध्यानात ठेवा. त्यातला गुळगुळीत, पांढरा, न भेगाळलेला भाग निवडा. झिजलेल्या भागात कोलाजेन-१० सुद्धा सापडतं, म्हणून १० साठी तो निगेटिव्ह कंट्रोल म्हणून चालणार नाही. कोलाजेन-१० साठी ग्रोथ प्लेट लागते. कोवळ्या बकऱ्याच्या नळीच्या टोकाशी ती पातळ पट्टी अजून शिल्लक असते आणि खाटकाकडून सहज मिळते. तुमची अँटिबॉडी शेळीच्या प्रथिनाला ओळखते का तेवढं आधी तपासा. हाडातलं कॅल्शियम काढायला तीव्र आम्ल वापरू नका. ईडीटीएला वेळ लागतो, पण एपिटोप (अँटिबॉडी चिकटते ती जागा) वाचतो. तिसरा कंट्रोल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा विसरला जाणारा, त्याच पेशी, तेच जेल, टीजीएफ नाही.

वेस्टर्न ब्लॉटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण समिती विचारेल. रिपा बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रवात) वाटलेल्या नमुन्यातून कोलाजेनचा ब्लॉट काढला तर तुम्हाला मुख्यतः पेशीतलं नवं प्रोकोलाजेन दिसतं. जे मॅट्रिक्समध्ये गुंफलं गेलं ते विरघळतच नाही, गाळाबरोबर टाकून दिलं जातं. त्यासाठी थंडीत, अॅसेटिक आम्लात, पेप्सिनने पचवावं लागतं. या नमुन्यातली प्रथिनं वेगळी करून रंगवलेलं साधं कुमासी जेलसुद्धा बरंच काही सांगतं. कोलाजेन-२ मध्ये तिन्ही साखळ्या एकसारख्या असतात, कोलाजेन-१ मध्ये दोन अल्फा-१ आणि एक अल्फा-२. अल्फा-१ च्या रेघेखाली अल्फा-२ ची रेघ दिसली की नमुन्यात कोलाजेन-१ आहे, अँटिबॉडी नसली तरी. जिलेटिनच्या जेलमध्ये मात्र ही युक्ती गढूळ होते, म्हणून सोबत काही नमुने जेलशिवाय, नुसत्या पेशींच्या गोळ्या म्हणून वाढवा. तुमच्या पेशींमध्ये मुळात कूर्चा बनवण्याची कुवत आहे का, तेही त्यातून कळेल. अॅग्रिकनचा ब्लॉट साखळ्या एन्झाइमने कापल्याशिवाय काढू नका. इतका मोठा रेणू ब्लॉटच्या जेलमध्ये शिरतच नाही.

कोलाजेन-१० वर मी इतका भर का देते ते सांगते. एका प्रकल्पात आमच्या गोळ्या चार आठवड्यांनी दृष्ट लागण्यासारख्या दिसत होत्या. टोल्युडिन ब्लू जांभळागर्द, कोलाजेन-२ कडेपासून गाभ्यापर्यंत. त्या उंदरांच्या त्वचेखाली ठेवल्या. आठ आठवड्यांनी काढल्या तेव्हा सुरी कर्रकन अडली. आत कॅल्शियम होतं, रक्तवाहिन्या होत्या. हे आमच्याच वाट्याला आलं होतं असं नाही. २००६ मध्ये हायडेलबर्गच्या गटाने हेच नीट मांडलं होतं. मूलपेशींच्या गोळ्यांत कोलाजेन-१० आणि एमएमपी-१३, अल्कलाइन फॉस्फेटेझ ही हाडाच्या वाटेवरची एन्झाइमं वेळेआधी येतात आणि अशा गोळ्या उंदरात ठेवल्या की त्यांच्यात कॅल्शियम भरतं. सांध्यातून काढलेल्या कूर्चापेशींच्या गोळ्यांचं तसं होत नाही. आम्ही ते वाचलं होतं, तरी आमच्या पेशींत ते बघायचा कंटाळा केला.

यात आणखी एक अवघड जागा आहे. गर्भातल्या हाडात कोलाजेन-२ आधी आणि १० नंतर, असा स्वच्छ क्रम असतो. मज्जेतल्या मूलपेशींमध्ये १० चा संदेश अगदी पहिल्या काही दिवसांत, कधी २ च्या आधीही दिसतो. म्हणून "सातव्या दिवशी १० चा संदेश दिसला, म्हणजे हायपरट्रॉफी (पेशी फुगून हाडाच्या वाटेला लागणं) झाली" हेही म्हणता येत नाही. प्रथिन पेशीभोवती जमलंय का, पेशी फुगल्या आहेत का आणि अल्कलाइन फॉस्फेटेझ चढतोय का, हे तिन्ही जुळलं तर हायपरट्रॉफी म्हणा. फॉस्फेटेझ मोजायला पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट पुरतं, पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला वाचायचा. तुमच्या मर्यादित पैशांत याच्याइतकी उपयोगी चाचणी दुसरी नाही.

ती चाचणी मीडियमवरही करता येते. टाकून दिलेलं मीडियम हा या सगळ्या कामातला सर्वांत दुर्लक्षित नमुना आहे. सेक्शन काढलं की नमुना संपला, मीडियम मात्र त्याच जेलचं दर तीन दिवसांनी मिळतं. त्यात कोलाजेन-२ चं प्रोपेप्टाइड मोजता आलं तर नवं कोलाजेन किती वेगाने बाहेर पडतंय हे नमुना न फोडता कळतं. चौथ्या अँटिबॉडीचे पैसे मी यासाठी राखायला सांगितले होते. ते मोजणारं एलायझा किट (अँटिबॉडीने द्रवातलं प्रथिन मोजायचं) महाग असतं, पण विभागातल्या दोघा-तिघांनी मिळून एक प्लेट भरली तर परवडतं. नाही जमलं तर अॅग्रिकनची अँटिबॉडी घ्या.

मीडियममधलं कॉम्प मोजणारेही बरेच आहेत. पाच हातांचं हे प्रथिन कूर्चेत भरपूर असतं, पण स्नायुबंधात आणि सांध्याच्या अस्तरातही असतं. एकट्या कॉम्पवरून कूर्चा म्हणू नका. वायकेएल-४० या प्रथिनाचं तर नावही घेऊ नका, ते दाह असलेल्या कुठल्याही ऊतीत वाढतं. आणि मीडियममध्ये काहीही मोजलं तरी जेलमधलंही मोजा. मीडियममध्ये ग्लायकोसअमिनोग्लायकन खूप आणि जेलमध्ये कमी असेल तर पेशी बनवताहेत, पण मॅट्रिक्स धरून ठेवत नाही. तो दोष पेशींचा नसून बहुधा जेलच्या जाळीचा किंवा न गुंफलेल्या अॅग्रिकनचा असतो. लुब्रिसिन हे वंगणाचं प्रथिन कूर्चेच्या वरच्या थराचं आहे, तुमचं जेल थरांचं नसल्याने आत्ता गरज नाही. सीडी-४४, सीडी-१५१ वगैरे पृष्ठभागावरचे मार्कर पेशी निवडायला बरे, मॅट्रिक्स झालं का ते त्यांच्यावरून कळत नाही.

आणि डोनर. एका डोनरच्या पेशींचे नऊ जेल म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर ९ नव्हे, एन बरोबर १. निदान तीन डोनर घ्या आणि प्रत्येकाचे बिंदू आलेखावर वेगळे दाखवा. एखाद्या डोनरच्या पेशी काही केल्या कूर्चा बनवत नाहीत, तो बिंदू लपवू नका. पेशी चौथ्या पॅसेजच्या (बशी भरली की नव्या बशीत हलवण्याच्या खेपेच्या) पुढे नेऊ नका, सपाट बशीत जितक्या जास्त वाढवाल तितक्या त्या फायब्रोब्लास्टसारख्या होत जातात.

या आठवड्यात पेशींना हात लावायच्या आधी रिकाम्या जेलची एक स्लाइड आणि बकऱ्याच्या ग्रोथ प्लेटची एक स्लाइड, तिन्ही कोलाजेनांसाठी रंगवून बघा. रिकाम्या जेलवर कोलाजेन-१ चा रंग आला तर ती अँटिबॉडी परत करून दुसरा क्लोन (त्याच प्रथिनाची वेगळी अँटिबॉडी) मागवा. ग्रोथ प्लेटवर १० फक्त फुगलेल्या पेशींभोवती आलं आणि वरच्या थरात आलं नाही, तर तुमची पद्धत चालते. मग २८व्या दिवसाचे ब्लॉक कापायला घ्या.